झाडांची वेबसाइट मराठीत आणताना: कामाच्या नोंदी

आधी थोडी पार्श्वभूमी. आमचा पुण्यातला सात-आठ जणांचा झाडवेड्यांचा गट आहे. २०१६ साली आम्ही झाडांची माहिती देणारी वेबसाइट केली, वर्डप्रेसवर (वेबसाइट बनवायचं फुकट सॉफ्टवेअर), इंग्रजीत. तेव्हा वाचणारेही आम्हीच होतो. ११२ झाडं, प्रत्येकाचं एक पान. गेल्या वर्षी भोर तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेच्या आवारात आणि तिथे जाणाऱ्या वाटेवर ४६ झाडांना क्यूआर कोडचे फलक बांधले (खिळे न ठोकता, काथ्याने). यंदा एप्रिलमध्ये तिथल्या गुरुजींचा फोन आला. "ताई, पोरं स्कॅन करतात, पान उघडतं, आणि सगळं इंग्रजी. फोटो बघतात नि बंद करतात."

मी पेशाने हिशेबनीस. साइटचं काम रविवारी आणि रात्री. ज्यांना आपली साइट मराठीत आणायची आहे त्यांना माझ्या चुका तरी वाचवता याव्यात म्हणून या नोंदी.

१२ मे २०२४

शब्द मोजले. पानाला सरासरी २२० धरले तर एकूण २४,६४०. एका भाषांतरकाराने शब्दाला दीड रुपया सांगितला. दर वाजवीच आहे, पण हिशेब ३६,९६० रुपयांवर गेला. गटाच्या खात्यात १४,३०० आहेत. तेव्हा भाषांतर आपणच करायचं.

मराठीसाठी दुसरी साइट उभारायची की आहे त्याच साइटमध्ये मराठी बसवायची, यावर संध्याकाळ गेली. दोन साइट म्हणजे अपडेट दोनदा, बॅकअप दोनदा आणि एक हटकून मागे पडणार. पॉलिलँग हे प्लगिन (वर्डप्रेसला जोडायचा तयार भाग) फुकट मिळतं ते घेतलं. यात इंग्रजी पान आणि मराठी पान वेगळी राहतात आणि एकमेकांना जोडता येतात. फोटो एकदाच चढवलेले दोन्हीकडे चालतात.

१९ मे

पहिला मोठा घोळ, आणि तो सर्वस्वी माझा.

प्लगिन सुरू करताना मुख्य भाषा कोणती असं विचारतं. मी उत्साहात मराठी निवडली. मग एक सूचना आली की काही मजकुराला भाषा दिलेली नाही, सगळ्याला मुख्य भाषा द्यायची का? दिली. क्षणात माझी ११२ इंग्रजी पानं "मराठी" झाली आणि इंग्रजी विभाग रिकामा. एकेक पान उघडून भाषा बदलायला बसले. अठरा पानं झाल्यावर डोळ्यांत पाणी यायला लागलं, तेव्हा बॅकअप आठवला. बॅकअप आदल्या बुधवारचा. तो चढवला, दुपार गेली, आणि बुधवारनंतर एका सभासदाने दुरुस्त केलेली दोन पानं गेली. त्याला फोन करून माफी मागितली.

क्रम असा हवा: आधी ताजा बॅकअप, मग प्लगिन, मुख्य भाषा आहे ती (आमची इंग्रजी), आहे त्या सगळ्या पानांना ती भाषा, आणि मग मराठी ही दुसरी भाषा. मुख्य भाषा बदलायची हौस असेल तर नंतर बदलता येते. आणि हे सगळं आधी साइटच्या प्रतीवर करून बघायचं, चालू साइटवर नाही. हे मला माहीत होतं. तरीही केलं.

२६ मे

यंत्राकडून भाषांतर करून घेऊन नंतर हात फिरवायचा, असा बेत होता. दहा पानं करून पाहिली.

सलग वाक्यं बरी आली, काही तर माझ्यापेक्षा बरी. पण आमच्या प्रत्येक पानावर डावीकडे एक तक्ता आहे: साल, पानं, फुलं, फळं, उंची. तिथे एकेकटा शब्द असतो. यंत्राला मागचं-पुढचं काही दिसत नाही. सालीच्या रकान्याला मथळा आला "भुंकणे". पानांच्या रकान्याला "सोडतो". म्हणजे पांगाऱ्याच्या पानावर वाचायचं: "भुंकणे: करडे, काटेरी."

नावांचं तर विचारू नका. इंग्रजी पानांचे मथळे आम्ही इंग्रजी बोलीनावांचे ठेवले होते. गोल्डन शॉवरचं झालं "सोनेरी शॉवर". अहो, बहावा तो! फ्लेम ऑफ द फॉरेस्ट, म्हणजे पळस, झाला "जंगलाची ज्योत". एलिफंट ॲपलचं "हत्ती सफरचंद", म्हणजे करमळ. आणि ताम्हण, जे महाराष्ट्राचं राज्यफूल आहे, त्याच्या प्राइड ऑफ इंडिया या नावाचं "भारताचा अभिमान". घोस्ट ट्रीचं "भूत झाड" झालं तेव्हा मी हसून बाईंना फोन केला. (बाई म्हणजे आमच्या गटातल्या निवृत्त वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापिका.) त्या म्हणाल्या, "हसू नकोस. कांडोळ खरं नाव, पांढरूखही म्हणतात, पण भुत्याही म्हणतात त्याला. रात्री चांदण्यात बघ एकदा ते पांढरं खोड." एकूण ते एक जमलं म्हणायचं.

निर्णय: मथळा आणि तक्ता यंत्राकडे द्यायचाच नाही. ते हाताने. वर्णनाच्या परिच्छेदांचा कच्चा मसुदा यंत्राचा, आणि तो दोघांनी वाचल्याशिवाय चढवायचा नाही.

२ जून

बाईंच्या घरी शब्दांची यादी करायला बसलो. दोन तासांत होईल वाटलं होतं, सहा लागले. मी पाठ्यपुस्तकातून "पुष्पविन्यास" लिहून नेलं होतं. बाईंनी खोडलं. "चौथीतल्या मुलाला सांगायचंय ना? मग तुरा म्हण, घोस म्हण. दोन्हींत फरक आहे, तो फोटोत दिसतो." पानझडी, सदाहरित, शेंग, बोंड, संयुक्त पान हे ठेवलं. "आधारमुळं" ठेवलं. आठळीच्या फळाला नुसतं "आत एकच बाठ असते" असं लिहायचं ठरलं.

यादी ८३ शब्दांची झाली. ही यादी आधी केली असती तर मागच्या रविवारची दहा पानं पुन्हा करावी लागली नसती.

९ जून

बाईंकडे त्यांच्या जुन्या टिपणांच्या फाइली निघाल्या, नव्वदच्या दशकात टाइप केलेल्या. साठेक झाडांची मराठी वर्णनं, म्हणजे आमचं निम्मं काम झालेलंच. फाइल उघडली तर अक्षरांऐवजी नुसती रोमन चिन्हं आणि ठिपके. तेव्हाचे फॉन्ट युनिकोडच्या (आता सगळीकडे चालणाऱ्या अक्षरसंकेताच्या) आधीचे, ते बसवलेले नसतील तर मजकूर म्हणजे कचरा.

रूपांतर करणारं एक साधन मिळालं. नव्वद टक्के मजकूर सरळ आला. उरलेल्या दहा टक्क्यांनी रडवलं. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होत असे, आणि जोडाक्षर आलं की रूपांतरात ती मध्येच अडकते. "स्थिती"चं "सि्थती" होतं. रफारही असाच शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो. एका मुलीला मुद्रितवाचनाचे ४,५०० रुपये दिले. पैसे सत्कारणी लागले, कारण माझ्या डोळ्यांना "सि्थती" तिसऱ्या वाचनातही दिसली नव्हती.

१६ जून

शाळा काल उघडल्या. गुरुजींना जूनचा शब्द दिला होता. आता मी त्यांना जुलै म्हणाले.

आज दिसण्याचं काम. पहिलं मराठी पान उघडलं आणि मथळ्यातली शिरोरेघ तुटलेली: "का टे सा व र" असं, प्रत्येक अक्षर सुटं, मधे फट. आमच्या थीममध्ये (साइटचं रूप ठरवणाऱ्या साच्यात) मथळ्याच्या अक्षरांत मोकळी जागा सोडण्याची सूचना होती. इंग्रजी कॅपिटलमध्ये ते ऐटदार दिसतं. देवनागरीत शिरोरेघेचे तुकडे होतात. मराठी पानांसाठी ती शून्य केली.

दुसरं, ओळींमधलं अंतर. इंग्रजीला दीडपट पुरतं. मराठीत वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांवर आदळत होते. १.७५ केल्यावर श्वास घेता आला. बटणांची उंची ठरावीक असल्याने "वैशिष्ट्यं"वरचे दोन मात्रे कापले जात होते. उंची काढून टाकली, नुसती आतली जागा ठेवली.

तिसरं माझंच पाप. मुखपृष्ठावरच्या चौकटींत वर्णनाचा पहिला तुकडा दिसतो. तो कापणारा कोड २०१७ साली मीच लिहिला होता: पहिले १२० बाइट घ्या. इंग्रजीत एक अक्षर एक बाइट, मराठीत अक्षर, काना, मात्रा अशा प्रत्येक खुणेला तीन. म्हणजे तुकडा झाला चाळीस खुणांचा, आणि कुठे मोकळी जागा किंवा स्वल्पविराम आला की गणित बिघडून शेवटच्या अक्षराच्या पोटात सुरी. तिथे चौकटीतलं प्रश्नचिन्ह. मग बाइटऐवजी अक्षरं मोजली, तर तुकडा पाय मोडलेल्या अर्ध्या अक्षरावर संपायला लागला. शेवटी शब्द मोजून कापलं. अठरा शब्द. मराठीसाठी दुसरा उपाय करूच नका.

फॉन्ट: मुंबईच्या "एक टाइप" या फॉन्ट बनवणाऱ्या गटाचा मुक्त परवान्याचा "मुक्ता" घेतला. हौसेने पाच वजनं (म्हणजे अक्षरांच्या पाच जाड्या), टीटीएफ या मोठ्या फायली जशाच्या तशा चढवल्या. पान दोन एमबीच्या आसपास गेलं. घरच्या वायफायवर काहीच जाणवलं नाही. हे पुढे भोवलं, २१ जुलै पाहा.

१९ जून

छोटी गोष्ट, पण तीन रात्री गेल्या. मोबाइलवर प्रत्येक मराठी पान उघडलं की ब्राउझर विचारायचा, या पानाचं भाषांतर करू का? मराठी पानाचं मराठीत! कारण सापडलं: थीमच्या हेडर फाइलमध्ये पानाची भाषा इंग्रजी अशी कायमची लिहून ठेवलेली. वर्डप्रेसला विचारून भाषा लिहायची असते, ती ओळ कुणीतरी (बहुधा मीच) हाताने भरली होती.

ही ओळ चुकली की बरंच काही चुकतं. अंधांसाठी पान वाचून दाखवणारा आवाज मराठी मजकूर इंग्रजी समजून चालतो. काही फॉन्ट ही भाषेची खूण पाहूनच मराठी वळणाचे ल आणि श देतात, नाहीतर हिंदी वळणाचे देतात. शासनाच्या नोव्हेंबर २०२२च्या निर्णयात पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श असं स्पष्ट आहे, आणि शाळेतली मुलं तेच गिरवतात. एका ओळीची दुरुस्ती.

तारीखही पाहून घ्या. इंग्रजी क्रम तसाच राहिला तर "जून 19, 2024" असं विचित्र दिसतं. आधी दिवस, मग महिना असा क्रम मराठीसाठी वेगळा लावला. आकडे आपोआप देवनागरी होत नाहीत. ते मी फक्त मजकुरात आणि तक्त्यात हाताने केले.

२३ जून

त्या देवनागरी आकड्यांनी उंचीची यादी मोडली. "उंचीप्रमाणे लावा" असं एक बटण आहे. दाबलं की काहीच हलेना. ब्राउझरमधल्या कोडला "२५" हा आकडा वाटतच नाही, नुसतं अक्षर वाटतं. दिसायला देवनागरी आकडा आणि मागे लपवलेला साधा आकडा, असं दोन्ही ठेवलं.

अकारविल्हे यादीत क्ष हे क मध्ये जाऊन बसतं, कारण संगणकाच्या लेखी ते क आणि ष यांचं जोडाक्षर. आपल्या वर्णमालेत शेवटी. आमच्याकडे क्ष ने सुरू होणारं एकही झाड नाही. सोडून दिलं.

३० जून

पालख्या आज पुण्यात. सगळे रस्ते बंद, भोरला जाणं रद्द. घरी बसून शोधखिडकी तपासली, आणि बरं झालं.

"वड" शोधलं. ४१ पानं आली. वडाचं पान सव्विसावं. बाकीची कुठली? "पक्ष्यांना आवडतं", "निवडक ठिकाणी", "आठवडाभर फुलतो", आणि धावडा. वर्डप्रेसचा शोध अक्षरांची साखळी कुठेही सापडली की पान देतो, ती शब्दाच्या पोटात असली तरी. "मोह" शोधलं तर मोहोर आणि मोहक. "ऐन" शोधलं तर कहर, कारण निम्मी झाडं ऐन उन्हाळ्यात फुलतात. बाईंना म्हटलं, वाक्य बदलू या का? "मी ऐन उन्हाळ्यात लिहिणं सोडणार नाही. तुझी खिडकी सुधार."

सुधारली. प्रत्येक झाडाला "इतर नावं" असा वेगळा रकाना केला. काटेसावर: सावर, सावरी, शेमल, शाल्मली. ऐन: सादडा, आसन. शोध आधी मथळा आणि हा रकाना यांतच होतो, तेही पूर्ण शब्दाचा. तिथे काही नाही मिळालं तरच वर्णनात.

दुसरा दोष जास्त छुपा. "पांढऱ्या" शोधलं तर तीन पानं. पांढऱ्या फुलांची झाडं आमच्याकडे तीसेक तरी आहेत. एक पान उघडून शब्द कॉपी केला, शोधखिडकीत चिकटवला, तर सत्तावीस आली आणि आधीची तीन गायब! दोन्ही "पांढऱ्या" डोळ्यांना एकसारखे. आत वेगळे. "ऱ्या" लिहायच्या दोन पद्धती आहेत. एकात नुक्त्याचा ऱ आणि पाय मोडण्याची खूण, दुसऱ्यात साधा र, पाय मोडण्याची खूण आणि त्यापुढे एक अदृश्य जोडखूण. कोणता कीबोर्ड कोणती पद्धत वापरेल ते त्याच्यावर. माझा फोन पहिली, बाईंच्या रूपांतरित फाइली दुसरी. "ॲ"चंही तसंच: एक अखंड अक्षर, एक अ वर चंद्र देऊन केलेलं.

उपाय: पान जतन होताना आणि शोध सुरू होताना, दोन्ही ठिकाणी मजकूर एकाच पद्धतीत बदलून घ्यायचा. वीस ओळींचा कोड. आधी जतन केलेल्या सगळ्या पानांवर तो एकदा चालवला. (बॅकअप घेऊन. शिकते मी.)

७ जुलै

स्टिकर. जुन्या फलकांवरचा कोड इंग्रजी पान उघडतो, म्हणून त्यावर नवा कोड चिकटवायचा. व्हिनाइलचं स्टिकर ३५ रुपये, ४६ फलक, १,६१० रुपये. गुरुवारी छापून आले. आज गच्चीत एक फलक कुंडीला बांधून पाहिलं, तर माझा फोन स्कॅन करेना. दुसऱ्या फोनने चौथ्या प्रयत्नात केलं.

चूक पत्त्यात. पानांचे पत्ते मी अभिमानाने मराठीत ठेवले होते. ब्राउझरच्या वरच्या पट्टीत "काटेसावर" छान दिसतं. पण तो पत्ता कॉपी केला, व्हॉट्सॲपवर टाकला किंवा कोडमध्ये भरला की प्रत्येक खुणेचे नऊ वर्ण होतात, टक्क्याची चिन्हं आणि आकडे. काटेसावर या शब्दात आठ खुणा, म्हणजे ७२ वर्ण. डोमेन (साइटचं नाव) वगैरे धरून पत्ता १०३ वर्णांचा. त्याचा क्यूआर कोड ४१ बाय ४१ चौकोनांचा झाला आणि तो अडीच सेंटीमीटरमध्ये छापल्यावर ठिपके मोहरीएवढेही नाहीत. वरून खोडाची गोलाई आणि भोरचा पाऊस.

(पत्त्याच्या या भागाला वर्डप्रेसमध्ये २०० वर्णांची मर्यादाही आहे, म्हणजे जेमतेम बावीस खुणा. लांब मथळ्यांचे पत्ते मधेच तुटलेले होते, ते मला आजच दिसलं.)

१,६१० रुपये पाण्यात. स्टिकरची चळत कपाटात ठेवली आहे, मागची बाजू कोरी आहे.

१४ जुलै

पत्ते रोमन लिपीत केले. जुन्या मराठी पत्त्यांवरून नव्यावर वळण दिलं (जुना पत्ता उघडला की आपोआप नवा उघडतो), कारण दोन-चार जणांनी दुवे पाठवून झाले होते.

फलकांसाठी मात्र पानाचा पत्ता वापरलाच नाही. डोमेन, एक अक्षर आणि फलकाचा क्रमांक, बस. एकूण २६ वर्ण, कोड २५ बाय २५. तो पत्ता पुढे कुठल्या पानावर न्यायचा हे माझ्या हातात राहतं, त्यामुळे झाडाचं नाव बदललं तरी स्टिकर तेच.

यातही एक ठेच. वळण देताना मी ते "कायमचं" या प्रकारचं दिलं. चाचणीत फलक ५ चुकून फलक ६च्या पानावर जात होता. दुरुस्त केलं तरी माझा फोन ६वरच जाई, कारण कायमचं वळण ब्राउझर लक्षात ठेवतो आणि सर्व्हरला पुन्हा विचारत नाही. तासभर सर्व्हरला शिव्या दिल्या. वळण "तात्पुरतं" केलं. ज्या पत्त्याचं ठिकाण कधी बदलू शकतं तिथे तेच योग्य.

पुन्हा ४६ स्टिकर, पुन्हा १,६१०. या वेळी आधी एकच छापून घेतलं, ओलं करून, वाकवून, तीन फोनांवर पाहिलं.

२१ जुलै

भोर. धुवांधार. छत्री एका हातात, फोन दुसऱ्यात. गुरुजी आणि सहावीतले तीन जण बरोबर.

दोन गोष्टी घरी बसून कधीच कळल्या नसत्या. पहिली: साइटच्या मुखपृष्ठावर "फोनची भाषा पाहून पान दाखवा" अशी सोय मी चालू ठेवली होती. मला वाटलं मराठी माणसाला मराठी पान मिळेल. गुरुजींचा फोन इंग्रजीत. मुलांनी घरून आणलेले तिन्ही फोन इंग्रजीत. दुकानदाराने लावून दिलेली भाषा कुणी बदलत नाही. चौघांनाही मुखपृष्ठ इंग्रजीत उघडलं. ती सोय तिथेच उभ्या-उभ्या बंद केली. आता पानाच्या वर "मराठी" आणि "इंग्लिश" असे दोन ठळक शब्द आहेत, झेंडे नाहीत, यादी नाही.

दुसरी: वाटेवरच्या ओढ्यापाशी नेटवर्क एक काडी. पान उघडायला घेतलं, आणि मुलं शेजारच्या झाडावर चढूनही आली. अक्षरं दिसेचनात, नुसता फोटो, कारण फॉन्ट उतरत होता. दोन एमबी!

घरी येऊन मजकुरासाठी फॉन्ट लादणंच बंद केलं. अँड्रॉइड फोनमध्ये देवनागरीचा चांगला फॉन्ट असतोच. मुक्ता फक्त मथळ्याला, एकच वजन, दाबून लहान केलेल्या प्रकारात, आणि तो येईपर्यंत फोनचा फॉन्ट दाखवायचा. फोटोही लहान केले. आता पान २५० केबीच्या आत आहे.

प्रवास ६४० रुपये. एकूण खर्च आतापर्यंत ८,३६०, त्यातला १,६१० निव्वळ मूर्खपणाचा.

४ ऑगस्ट

किरकोळ कामांचा रविवार. संपर्काचा अर्ज मराठीसाठी वेगळा करावा लागला, "सबमिट"ला "सादर करा" होतं ते "पाठवा" केलं. चुकीचा पत्ता टाकल्यावर येणारं "पान सापडलं नाही" अजून इंग्रजीतच होतं. प्लगिनच्या मराठी भाषांतरात "होम"ला कुणीतरी "घर" केलं होतं, ते "मुखपृष्ठ" केलं. मेन्यू, तळटीप, फोटोंखालचे मजकूर: पानांचं भाषांतर संपलं म्हणजे काम संपलं असं वाटतं, आणि मग या बारीक गोष्टी महिनाभर निघत राहतात.

११२ पैकी ९७ पानं चढली. उरलेल्या पंधरांची मराठी नावं बाईंना खात्रीने सांगता येईनात. ती पानं तूर्त इंग्रजीतच. नाव बनवून द्यायचं नाही, हे पहिल्या दिवशीच ठरलं होतं.

१५ ऑगस्ट

झेंडावंदनाला शाळेत अख्खं गाव असतं, म्हणून तोच दिवस धरला. सगळे ४६ फलक आदल्या दिवशी नव्या स्टिकरचे करून ठेवले होते.

मुलांनी आयाबायांना फलक वाचून दाखवले. एका मुलीने शोधखिडकीत टाइप न करता माइक दाबून "शिमटी" म्हटलं. काही आलं नाही. तिची आजी मागून म्हणाली, "हे काय पुढ्यातच हाय की." पुढ्यात मोई होती. आमच्या रकान्यात मोई आणि शेमट होतं, शिमटी नव्हतं. तिथेच फोनवरून घातलं, मुलीने पुन्हा माइक दाबला आणि पान आलं. मग रांगच लागली, प्रत्येकाला आपल्या घरातलं नाव घालून हवं होतं. अकरा नवी नावं वहीत आहेत, बाईंनी तपासली की चढतील.

निघताना एक काका फलक ३१पाशी थांबले. चष्मा काढून, डोळे बारीक करून पूर्ण वाचलं. "बाई, ह्यात लिवलंय साल गुळगुळीत, पापुद्रे सुटत्यात. हात लावा की हितं." लावला. खरखरीत. "नाणा न्हाई हा, बोंडारा हाय."

फोटो बाईंना पाठवला. दहा मिनिटांत उत्तर: काका बरोबर. तो फलक वर्षभर तिथे आहे, नाणा म्हणून, इंग्रजीत. स्टिकर बदलायचं नाही, फक्त ३१चं वळण बोंडाऱ्याच्या पानावर. पाटीवरचं नाव मात्र पुन्हा रंगवायला हवं. पुढच्या फेरीत पिवळा रंग आणि बारीक ब्रश न्यायचा.